उसन्या आडनावाचं पहिलं गाणं

बापाचं आडनाव लपवून पोराने नाव काढलं, ही गोष्ट कुठेही खपते. स्पॅनिश पॉपच्या दुनियेत ती एन्रिके इग्लेसियासच्या खात्यावर जमा आहे. आपल्याकडच्या कॉलेजकट्ट्यांना तो 2001 च्या ‘हिरो’मुळे माहीत, पण त्याचं पहिलं गाणं 1995 चं, ‘सि तू ते वास’. विरहाच्या भीतीचा, जुन्याच वळणाचा संथ स्पॅनिश बॅलड. पहिल्याच फटक्यात तो बिलबोर्डच्या लॅटिन यादीत अव्वल ठरला. त्याच्या पहिल्या अल्बममधली एकूण पाच गाणी त्या जागी पोहोचली आणि अल्बमला ग्रॅमी मिळालं.

त्याचे वडील हुलिओ इग्लेसियास रेआल माद्रिदच्या युवा संघाचे गोलरक्षक. 1963 मध्ये मोटार अपघाताने खेळ संपला, अंथरुणावर पडल्यापडल्या गिटार हाती आली आणि 1968 च्या बेनिदोर्म महोत्सवात त्यांनी आपल्या पहिल्याच गाण्यावर स्पर्धा जिंकली. तेव्हा त्यांचं आडनाव कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. मुलाच्या जन्मापर्यंत, म्हणजे 1975 पर्यंत, त्या आडनावाला वजन आलं होतं आणि ते वजन नुसतं लाभाचं नव्हतं. 1981 च्या डिसेंबरात ‘एटा’ या बास्क अतिरेकी संघटनेने हुलिओंच्या डॉक्टर वडिलांचं अपहरण केलं. ते सुटले, पण हुलिओंच्या मुलांना माद्रिदमध्ये ठेवणं धोक्याचं वाटू लागलं आणि त्यांची रवानगी मायामीला, हुलिओंकडे झाली. वडील सतत दौऱ्यांवर. मुलांना वाढवलं ते सांभाळायला ठेवलेल्या बाईंनी.

पुढे मायामी विद्यापीठात शिकताना एन्रिकेने आईवडिलांना पत्ता लागू न देता गाण्यांची नमुना-टेप तयार केली. ‘एन्रिके मार्टिनेझ’ नावाचा ग्वातेमालाचा कुणी होतकरू गायक, अशी ओळख पुढे करून ती कंपन्यांना ऐकवण्यात आली. इथपर्यंत सगळे सांगतात. पण टेप घेऊन हिंडणारा फर्नान मार्टिनेझ हा हुलिओंचाच जुना प्रसिद्धीप्रमुख होता! बनावट आडनावही त्याच्याच आडनावाशी जुळणारं. आडनाव झाकलं होतं. ओळखीपाळखी कुठे झाकल्या होत्या? ग्वातेमालाच्या खऱ्याखुऱ्या होतकरू पोराला असा माणूस दारात उभं करत नाही.

तरीही नुसती ‘घराणेशाही’ म्हणून हा विषय निकालात काढणं मला पटत नाही. करार झाला फोनोव्हिसा या कंपनीशी. ही तेव्हा मेक्सिकोच्या टेलेव्हिसा समूहाची. तिचा जीव सीमेपलीकडून अमेरिकेत आलेल्या मेक्सिकन कष्टकऱ्यांच्या संगीतावर, लोस तिग्रेस देल नोर्तेसारख्या वाद्यवृंदांवर. हुलिओ सीबीएस या रेकॉर्ड कंपनीचे, बड्या रंगमंचांचे. म्हणजे मुलगा वडिलांच्या पेठेत न बसता दुसऱ्याच पेठेत गेला, आणि तिथल्या स्पॅनिश रेडिओने त्याला उचललं. अमेरिकेत स्पॅनिश गाण्यांची स्वतंत्र यादी 1986 पासूनच निघत होती. श्रोता तयार होता. त्याला तरुण, हळवा, थोडा रडवेला आवाज हवा होता. तो एन्रिकेकडे होता. गळा म्हणून पाहिलं तर वडिलांचा कितीतरी तयार, हे माझं मत आहे. पण पॉपमध्ये तयारी नेहमीच कामी येते असं नाही. शिवाय निर्माता राफाएल पेरेझ-बोतिखा हा होसे होसेसारख्या गायकांची गाणी घडवलेला मुरलेला माणूस. पोर नवखं, कारागीर जुना.

आणि आवरणावर छापलेलं आडनाव? इग्लेसियासच. सोंग टेपपुरतं होतं, दुकानात खरं नाणं चालवलं. यात मला ढोंग दिसत नाही. आपला आवाज कुणी आपल्या बापाशिवाय ऐकेल का, हे त्याला एकदा पाहायचं असावं. उत्तर मिळाल्यावर नाव टाकून देण्याइतका तो खुळा नव्हता. विद्यापीठ मात्र त्याने सोडलं. आपटला असता तरी मायामीतलं घर कुठे जात नव्हतं, हेही खरं.

जोखीम खरी कुणी घेतली, तर ती टेपला पैसे देणाऱ्याने. ते पैसे ना वडिलांनी दिले, ना कुठल्या कंपनीने. पोराने ते उसने घेतले होते, लहानपणापासून सांभाळणाऱ्या त्या पगारी बाईंकडून. 1995 चा तो पहिला अल्बम त्याने त्यांनाच अर्पण केला आहे.