ग्रंथ कोण राखतो?

ठाण्याच्या खाडीच्या पूर्व तीरावर, नवी मुंबईंतील ऐरोलीस उभें राहिलें म्हणजे पश्चिमेस साष्टीचे डोंगर दिसतात. त्यांच्या पलीकडल्या अंगास कान्हेरीचीं शंभरांहून अधिक लेणीं आहेत. तेथें सुमारें हजार वर्षें बौद्ध भिक्षु राहत, शिकत व शिकवीत. शिलाहार राजांच्या काळीं, इसवी सनाच्या नवव्या शतकांत, कोरलेल्या एका लेखांत विहाराची दुरुस्ती, भिक्षूंचीं वस्त्रें आणि पुस्तकें यांसाठीं दिलेल्या दानाची नोंद आहे. दगडावरची ती नोंद राहिली. पुस्तकांचें एक पानही तेथें उरलें नाहीं.

असा ज्ञानाचा ठेवा बुडाला म्हणजे दोष कोणाचा? जाळणाऱ्याचा, असें आपण चटकन म्हणतों. बिहारांतील नालंदाचे ग्रंथ सुमारें इ.स. १२०० मध्यें शत्रूनें जाळले असें सांगतात. तरी इ.स. १२३५ च्या सुमारास एक तिबेटी भिक्षु तेथें गेला, तेव्हां नव्वदी उलटलेले राहुलश्रीभद्र सत्तर शिष्यांस शिकवीत होते. गुरु होता, शिष्य होते. पोसणारे हात आटले होते. तेथील विद्येचें जें आज वाचावयास मिळतें, तें बहुतेक चीन व तिबेटांत नेलेल्या प्रतींमुळें. एकटा ह्युएनत्संग इ.स. ६४५ मध्यें हिंदुस्थानांतून ६५७ ग्रंथ घेऊन स्वदेशीं परतला.

आम्हां ख्रिस्ती लोकांसही येथें मान खालीं घालावी लागते. सोळाव्या शतकांत गोव्यांत ख्रिस्ती म्हणविणाऱ्या सत्तेनें तेथील लोकांचे ग्रंथ हुडकून नष्ट केले. पुढें फादर स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं छापलें गेलें. त्याच्याही छापील प्रती नाहींशा झाल्या. हातानें उतरून घेणाऱ्या भाविकांनीं तें राखलें, म्हणून १९०७ सालीं मंगळुरास तें पुन्हा छापतां आलें.

यहोयाकीम राजानें यिर्मयाचा पुस्तकपट कापून शेगडींत टाकला. बारूखानें तो पुन्हा लिहिला. राजाचें पाप मोठें खरें, परंतु बारूख नसता तर तें पाप यशस्वी झालें असतें. जाळणारा शेवटची प्रत जाळतो. दुसरी प्रत न करण्याचा दोष मात्र आपला असतो.

तर प्रिय वाचकहो, मंडळीच्या जुन्या बाप्तिस्म्याच्या नोंदी, वडिलांच्या हातची गीतांची वही पेटींत वाळवी खात असेल, तर आपण कोणत्या शत्रूस बोल लावावा? कान्हेरीच्या त्या दात्यानें दुरुस्तीबरोबर पुस्तकांचाही वांटा काढला होता. आपणही तेवढा काढूं या. एक प्रत करूं या, आणि ती शेजारच्या गांवीं ठेवूं या.