मलंगाची सही

मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की आपल्या पापडीत एकीकडे दत्तजन्माची तयारी आणि दुसरीकडे नाताळचे कंदील. आमच्या ओटीवर दर गुरुवारी संध्याकाळी चार घरची माणसं बसतात. हिंदू, ख्रिस्ती, एक मुसलमान भाऊसुद्धा. अर्धा तास मौन. मग कुणी स्वतः रचलेला अभंग म्हणतो, कुणी काढलेलं चित्र दाखवतो. वादविवाद नाही.

मागच्या जयंतीला शेजारच्या ख्रिस्ती मावशींनी नैवेद्याला सुकेळी आणली. मी ती हळूच बाजूला, फडताळात ठेवली. त्यांनी पाहिलं, बोलल्या नाहीत.

मग आरती सुरू झाली आणि माझा आवाजच फुटेना. आपण म्हणतो ती दत्ताची आरती एकनाथ महाराजांची. त्याच नाथांना देवगिरीवर दत्तप्रभू मलंगवेशात भेटले, अशी कथा आहे. जनार्दनस्वामी त्या फकिराबरोबर एका पात्रात जेवले, नाथ मात्र बिचकले. एवढ्या गुरुभक्ताला पहिल्या भेटीत ओळख पटली नाही, तिथं माझी काय कथा! बँकेत जन्मभर नमुन्याची सही ताडून मगच चेक पास केला. तीच नजर मी देवापुढे लावली होती. आणि नाथ? त्यांनी पुढे ‘हिंदू-तुर्क संवाद’ रचला.

आरती थांबवून उठलो. सुकेळी दत्तापुढे ठेवली, मावशींची सर्वांदेखत माफी मागितली. त्या एवढंच म्हणाल्या, “अहो, आरती पुरी करा आधी.”

यंदा नैवेद्याचं ताट त्याच मांडणार आहेत.