अनुकरणाचें अनुकरण

प्लेटोनें ‘रिपब्लिक’ ग्रंथाच्या दहाव्या भागांत पलंगाचें उदाहरण दिलें आहे. पलंगाची मूळ कल्पना हें सत्य. सुताराचा पलंग ही तिची प्रतिमा. आणि चित्रकाराचा पलंग ही प्रतिमेची प्रतिमा, म्हणून सत्यापासून सर्वांत दूर. ही उतरंड अमेरिकेंतील एखाद्या स्वयंपाकघरांत नेऊन पाहिली तर ती उलटी होते कीं काय, अशी शंका आम्हांस येते. विषय क्षुद्र म्हणून कोणी हंसेल. पण ज्या प्रश्नाची परीक्षा जेवणाच्या पानावर होत नाहीं, तो निव्वळ शब्दांचा असण्याचा संभव फार.

त्या देशांत दुकानांतून घरीं आणावयाचा पिझ्झा, व त्याच्या कडा बुडवून खाण्यासाठीं इवल्याशा वाटींत येणारा लसणीचा सॉस, हीं घरींच हुबेहूब करण्याचा छंद पुष्कळांस आहे. १९८४ सालीं इंडियाना संस्थानांत निघालेल्या ‘पापा जॉन्स’चा सॉस यांत विशेष प्रिय. दिसावयास व चवीस तो वितळलेल्या लोण्यासारखा. पण त्याचें मुख्य द्रव्य सोयाबीनचें तेल, आणि पिवळेपणा बीटा-कॅरोटीनचा. म्हणजे तो स्वतःच लोण्याची नक्कल. गृहिणी खरें लोणी वितळविते, ताजी लसूण ठेचून घालते, आणि मुलगा चाखून म्हणतो कीं, दुकानासारखें झालें नाहीं.

नकलेची नक्कल करणारी ही बाई प्लेटोच्या हिशेबानें तिसऱ्या पायरीवर असावयास हवी. प्रत्यक्षांत ती पहिलीवर जाऊन पोहोंचली, आणि तेंच तिचें अपयश ठरलें! मुलगा खोटें बोलतो काय? मुळींच नाहीं. ज्याच्या जिभेनें लोण्याआधीं लोण्याचा आभास ओळखला, त्याला आभास हेंच मूळ. मग त्याच्या समाधानासाठीं बाईनें तेल व रंग आणावा काय? आमच्या मतें खुशाल आणावा. फक्त त्यास लोणी म्हणूं नये. मुलाला खऱ्या लोण्याची ओळख करून देण्याचें काम मात्र तिच्याकडे उरतेंच, कारण दुकान तें करणार नाहीं.

दुकानाची कृति शोधून काढणें ही चोरी, असा आक्षेप कोणी घेईल. अमेरिकेंत केवळ जिनसांच्या यादीस ग्रंथस्वामित्व मिळत नाहीं. आणि उघड्या, प्रामाणिक मार्गानें व्यापारी गुपित ओळखणाऱ्यास कायदा अडवीत नाहीं, हें तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९७४ सालीं केवानी ऑइलच्या खटल्यांत सांगितलें. नीतीचें याहून निराळें म्हणणें असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

पिठाची गोष्ट निराळी. मैदा, पाणी, मीठ, यीस्ट, थोडें तेल व साखर, यांत गुपित कसलें? तरी घरचा पिझ्झा सपक लागतो, कारण पीठ दोन तासांत फुगवून भट्टींत घातलेलें असतें. दुकानाचें पीठ मध्यवर्ती कारखान्यांत मळून थंड स्थितींत गांवोगांव जातें. त्या अवधींत यीस्ट मंदपणें काम करितें, पिठांतील एन्झाइमें स्टार्चची साखर करितात, आम्लें व सुवास उत्पन्न होतात, आणि भाजतांना कडा तांबूस होतात. व्यापाराच्या सोयीचा विलंब चवीच्या पथ्यावर पडला. (व्यापाराच्या हातून पुण्य घडतें तें बहुधा असेंच!) दोन-तीन दिवस पीठ शीतकपाटांत ठेवणारा गृहस्थ दुकानाची नक्कल करितो खरा, पण तो चालतो यीस्टच्या स्वभावाप्रमाणें, आणि येथें त्याला हिणविण्यास कोणास जागा उरत नाहीं. लोणी मात्र तीन दिवस शीतकपाटांत ठेविलें तरी त्याचें सोयाबीनचें तेल होत नाहीं; तेथें मुलाची तक्रार तशीच राहते.