प्रार्थनेत काय मागावं?

प्रार्थना या शब्दाच्या मुळाशीच मागणं आहे. ख्रिस्ती घरात वाढलेल्या माणसाला त्यासाठी शब्दकोश उघडावा लागत नाही. आमच्याकडे जेवणाआधी प्रार्थना, प्रवासाला निघताना प्रार्थना, दहावीच्या पहिल्या पेपरच्या सकाळी प्रार्थना, नव्या घराची चावी मिळाली की पाळकसाहेबांना बोलावून प्रार्थना. आधी देवाची स्तुती, मग उपकारस्मरण आणि मग यादी. अमक्याचं दुखणं, तमकीचं लग्न, कुणाची नोकरी, कुणाचा व्हिसा. शेवटी हे सगळं येशूच्या नावाने मागून आमेन.

मी कळंबोलीत राहतो आणि इथल्या पोलाद बाजारातल्या एका कार्यालयात हिशेब लिहितो. एका खात्यात जमा झालं की दुसऱ्या कुठल्यातरी खात्यात नावे पडतंच, हे पाहण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. त्यामुळे म्हणा किंवा स्वभावामुळे म्हणा, प्रार्थनेच्या यादीकडेही मी त्याच नजरेने पाहतो. मी मागितलं आणि मला मिळालं. ते कुणाच्या नावे पडलं?

हा प्रश्न पुस्तकी नाही. आमचं मूळ गाव नगर जिल्ह्यात, पर्जन्यछायेच्या पट्ट्यात. तिथली मंडळी जूनच्या दुसऱ्या रविवारपासून उपासनेत पावसासाठी प्रार्थना करू लागते. जुलै कोरडा जायला लागला की त्या प्रार्थनांचा सूर बदलतो, लांबीही वाढते. कळंबोली मात्र खाडीलगतच्या सखल जमिनीवर वसलेली. मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की पाण्याला जायला जागा उरत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच पावसात कळंबोलीही बुडाली. तळमजल्यावरचे संसार पाण्यात गेले. त्या रात्री इथे जो कुणी हात जोडून बसला होता, तो एकच गोष्ट मागत होता: पाऊस थांबू दे. एकाच कुटुंबातली माणसं, एकाच देवापुढे, एकाच महिन्यात, एक घाटाच्या वर आणि एक घाटाच्या खाली, परस्परांना छेद देणारी मागणी करत होती.

यावर नेहमीची उत्तरं मला पाठ आहेत. देवाला सगळं ठाऊक आहे. तो प्रत्येकाला त्याच्या गरजेप्रमाणे देतो. त्याची योजना आपल्याला कळत नाही. यातलं शेवटचं वाक्य खरं असेलही. पण ज्याच्या घरात पाणी शिरलं नाही त्याने ते ज्याच्या घरात शिरलं त्याला ऐकवावं, हे मला कधी पटलं नाही. डोंगरावरच्या प्रवचनात येशू सांगतो की देव पाऊस पाडताना चांगला-वाईट असा भेद करत नाही. आपण ते वाक्य देवाच्या औदार्याचं म्हणून वाचतो, आणि ते तसंच आहे. पण त्याची दुसरी बाजूही आहे. पाऊस पडला किंवा थांबला यावरून कुणाची प्रार्थना खरी आणि कुणाची कच्ची, हे ठरवण्याची सोय ते वाक्य काढून घेतं.

हा हिशेब माझ्या अंगावर आला तो एप्रिल २०२१ मध्ये. धाकट्या भावाचा ऑक्सिजन उतरत होता. त्या दिवसांत खाट मिळवणं म्हणजे काय होतं, हे वाचणाऱ्याला वेगळं सांगायला नको. मी आणि माझा मेहुणा फोनवर फोन लावत होतो, आई आतल्या खोलीत गुडघ्यांवर होती. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या यजमानांचीही तीच अवस्था होती. काकू दर गुरुवारी दत्ताच्या देवळात जाणाऱ्या. त्या दोन दिवसांत त्यांनीही देवाला काय काय घातलं असेल ते त्यांनाच ठाऊक. रात्री दीडच्या सुमारास एका रुग्णालयातून फोन आला. एक खाट रिकामी झाली होती. ती कशी रिकामी झाली हे आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. भाऊ वाचला. काकूंच्या यजमानांना खाट मिळाली तेव्हा उशीर झाला होता.

पुढच्या महिन्यात आमची ऑनलाइन उपासना सुरू होती. आमच्याकडे उपासनेत साक्ष देण्याची पद्धत आहे. देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते मंडळीपुढे उभं राहून सांगायचं. साहजिकच भावाला विचारणा झाली. तो तयार होता. आईने त्याला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "बाळा, उपकार मान, रोज मान, जिवंत आहेस तोवर मान. पण देवानं तुझं ऐकलं असं माईकवर म्हणू नको. खिडक्या उघड्या असतात. तिचं ऐकलं नाही, असा त्याचा अर्थ होतो."

आईचं शिक्षण सातवीपर्यंतचं. पण प्रार्थनेबद्दल मी वाचलेल्या पुष्कळ पानांपेक्षा हे वाक्य मला अधिक काटेकोर वाटतं. उपकार मानणं आणि दावा करणं या दोन गोष्टी तिने वेगळ्या केल्या. उपकार मानणारा म्हणतो, हे मला मिळालं आणि यावर माझा हक्क नव्हता. दावा करणारा म्हणतो, हे मला मिळालं कारण मी मागितलं. पहिल्या वाक्याने शेजारणीच्या दुःखाला धक्का लागत नाही. दुसरं वाक्य तिच्या दारात जाऊन तिला कारण विचारतं.

मग मागावं तरी काय? येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना आम्ही लहानपणापासून इतक्या वेळा म्हटली आहे की तिच्यातले शब्द आता ऐकूच येत नाहीत. थांबून ऐकलं तर एक गोष्ट लक्षात येते. तिच्यात 'मी' कुठेच नाही. भाकर मागायची ती आम्हाला, क्षमा मागायची ती आम्हाला, सोडवणूकही आमचीच. एकटा माणूस बंद खोलीत ती म्हणतो तेव्हाही त्याला अनेकवचनातच बोलावं लागतं.

इथे मराठी एक पेच उभा करते, आणि वाटही दाखवते. मराठीत अनेकवचनी 'मी'चे दोन शब्द आहेत: आम्ही आणि आपण. समोरच्याला धरून बोलायचं तर आपण, वगळून बोलायचं तर आम्ही. इंग्रजीला हा भेद करता येत नाही. देवापुढे बोलताना 'आम्ही' म्हणावंच लागतं, कारण भाकर त्याला नको असते, आपल्याला हवी असते. तिथे वगळलेला असतो तो फक्त देव. पण सवयीने काय होतं, की देवाला उद्देशून उच्चारलेला तो 'आम्ही' शेजाऱ्यालाही वगळू लागतो. आम्ही म्हणजे आमचं घर, आमची मंडळी, फार तर आमचा समाज. मला वाटतं, या प्रार्थनेचा कस इथेच लागतो. देवाकडे तोंड करून जो 'आम्ही' म्हणायचा, तो मान वळवून शेजाऱ्याकडे पाहिल्यावर 'आपण' व्हायला हवा. काकू माझ्या 'आम्हाला'मध्ये आहेत की नाहीत? नसतील तर मी जी प्रार्थना म्हणतो आहे ती येशूने शिकवलेली नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरीच आहे.

भाकरीच्या आधी जे विशेषण येतं, त्याचीही गंमत आहे. मूळ ग्रीकमधला 'एपिऊसिऑस' हा शब्द इतका दुर्मीळ आहे की तिसऱ्या शतकातल्या ओरिजेनला तो शुभवर्तमानकारांनीच घडवला असावा असं वाटलं. रोजची, आवश्यक तेवढी, उद्याची, असे त्याचे वेगवेगळे अर्थ लावले गेले. जेरोमने लॅटिन भाषांतर करताना मत्तयात एक शब्द वापरला आणि लूकमध्ये दुसरा. पण कुठल्याही अर्थाने ती भाकर साठवणीची नाही. एका दिवसाच्या मापाची मागणी केली की दुसऱ्याच्या वाट्याला हात लागण्याची शक्यता तरी कमी होते. वर्षभराचं धान्य मागणाऱ्याच्या प्रार्थनेत कुणाचं तरी रिकामं कोठार असू शकतं.

मराठी माणसाला सर्वांसाठीच्या मागण्याची ओळख ख्रिस्ती होऊन करून घ्यावी लागत नाही. ज्ञानेश्वरांनी ग्रंथाच्या शेवटी पसायदान मागितलं ते स्वतःसाठी नाही. आम्हीही ते शाळेत सगळ्यांबरोबर म्हटलं आहे, आणि ते म्हणताना परकेपणा वाटल्याचं मला आठवत नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण तुकाराम सोडला नाही. उलट आपण त्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असंच ते मानत. त्यांनी ख्रिस्तावर अभंग लिहिले आणि ते आमच्या उपासनेत आजही गायले जातात.

टिळकांचं नाव आलं की लक्ष्मीबाई आल्याच. 'स्मृतिचित्रे' वाचताना हसू येतं, पण हिशेबनिसाच्या नजरेने वाचलं तर त्यात एक अस्वस्थ करणारी गोष्ट आहे. टिळक हातातलं देऊन मोकळे होत, आणि ते नावे पडे लक्ष्मीबाईंच्या स्वयंपाकघराच्या खात्यावर. दान करणाऱ्याची श्रद्धा मोठी, यात शंका नाही. पण त्या श्रद्धेचा खर्च कोण भरतो, हे त्या पुस्तकाशिवाय आपल्याला कळलंच नसतं. घरोघरी हे आजही चालतं. उपास कर्त्या पुरुषाचा आणि चूल दोनदा पेटवायची बाईने.

तेव्हा स्वतःसाठी काही मागूच नये, फक्त देवाच्या इच्छेला होकार द्यावा, असं म्हणणारे आमच्यातही आहेत. हे ऐकायला उंच वाटतं. पण मला त्यात पोट भरलेल्या माणसाचा वास येतो. गेथशेमाने बागेत येशूने स्वतःसाठी मागितलं. हे दुःख टळू दे, असं स्पष्ट मागितलं, आणि मगच देवाच्या इच्छेपुढे मान तुकवली. ते टळलं नाही. पौलाने आपल्या शरीरातला काटा काढण्यासाठी तीनदा विनवणी केली, तोही निघाला नाही. ज्या धर्माच्या मध्यभागी न मिळालेलं मागणं आहे, त्याच्या अनुयायांनी मिळालेल्या मागण्यांच्याच साक्षी द्याव्यात, हे जरा विचित्रच. मागणं हा खोटेपणा नाही. भाऊ धापा टाकत असताना 'तुझी इच्छा' एवढंच म्हणून थांबणं हा मात्र खोटेपणा झाला असता.

फ्रेंच विचारवंत सिमोन वेल चर्चच्या उंबऱ्यापर्यंत आली आणि आत जायचं टाळत राहिली. १९४१ मध्ये दक्षिण फ्रान्समध्ये द्राक्षतोडणीचं काम करताना ती हीच प्रभूची प्रार्थना मूळ ग्रीकमध्ये रोज म्हणत असे. तिच्या मते पूर्ण, निर्भेळ लक्ष देणं म्हणजेच प्रार्थना. मला हे हिशेबाच्या टेबलावर पटतं. एखाद्याचं नाव घेऊन दोन मिनिटं खरोखर त्याच्याचकडे लक्ष दिलं, तर त्याला काय लागतं ते दिसू लागतं. दिसलं की आमेन म्हणून उठणं अवघड होतं. याकोबाच्या पत्रात हेच रोखठोक सांगितलं आहे: उघड्यावाघड्या, भुकेल्या भावाला नुसत्या शुभेच्छा देऊन वाटेला लावलंत तर त्याचा काय उपयोग? आज मोबाइलवर जोडलेल्या हातांचं चिन्ह पाठवायला अर्धा सेकंद लागतो. ते पाठवू नये असं मी म्हणत नाही. पण त्यात लक्ष किती आणि सुटका किती, हे ज्याचं त्याने पाहावं.

या बाबतीत मला पंडिता रमाबाईंचा हिशेब सर्वांत चोख वाटतो. त्यांच्या शारदा सदनाला अमेरिकेतल्या मंडळाने दहा वर्षं मदत कबूल केली होती. मुदत संपत आली तेव्हा पुढे काय, हे त्यांनी प्रार्थनेत देवापुढे ठेवलं. आणि त्याच वेळी केडगावला जमीन घेऊन फळझाडं लावली. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या, तेव्हा आसऱ्याला ती जमीन होती. प्रार्थना केली म्हणून झाडं लावू नयेत, किंवा झाडं लावली म्हणून प्रार्थना कशाला, असा पेच त्यांना पडलेला दिसत नाही. झाडं लावणं हा त्यांच्या मागण्याचाच भाग होता. आणि त्या फळबागेचा हिशेब कुणा दुसऱ्याच्या तोट्यावर उभा नव्हता. तिथे जमा झालेलं आणखी कुणाच्या तरी खात्यात जमाच होत गेलं.

आई प्रार्थनेच्या नावांची एक वही ठेवते. पूर्वी त्यात आमच्या मंडळीतली आणि नात्यातली नावं असत. आता त्यात खालच्या मजल्यावरच्या काकू आहेत, त्यांचा नोकरी शोधणारा मुलगा आहे, आणि द्रुतगती मार्गावर रात्रीची गाडी चालवणारा समोरच्या चाळीतला ड्रायव्हर आहे. काकूंना हे ठाऊक नाही, सांगायचं कारणही नाही. मुलाचा बायोडेटा मात्र आईने माझ्याकडे आणून दिला. बाजारात दोन-तीन ठिकाणी मी तो दिला आहे. एका ठिकाणी जागा एकच आहे आणि अर्ज बरेच आहेत, हेही मला माहीत आहे. त्या बाकीच्या अर्जांवरची नावं मला ठाऊक नाहीत. आई म्हणते, तीही घ्यायची, नाव माहीत नसलं तरी.