चिंता हा अविश्वास आहे काय?

मृग कोरडा गेला, सावकाराचा तगादा लागला, रात्ररात्र डोळ्यास डोळा लागत नाही, अशा मनुष्यास आपल्यातील काही उपदेशक लागलीच सांगतात की, तुझा विश्वास उणा आहे. हे मला शास्त्रास धरून वाटत नाही. फिलिप्पै येथील मंडळीस चिंता करू नका असे बंदीतून लिहिणारा पौलच करिंथकरांस कळवितो की, सर्व मंडळ्यांची चिंता आपणावर रोज असते. मूळ ग्रीक भाषेत दोन्ही ठिकाणी एकाच धातूचे शब्द आहेत. मग पौलास अविश्वासी म्हणावे काय? चिंता मनात कोंडून न ठेविता ती आभारासह देवापुढे मांडावी, एवढेच तो सांगतो.

एलीयाकडे पाहा. ईजबेलीच्या भयाने पळून जाऊन रतामाच्या झुडपाखाली त्याने मरण मागितले. देवदूताने त्यास बोल लाविला नाही. भाकर व पाणी दिले, निजू दिले, पुन्हा उठवून जेवू घातले. देवाने त्यास प्रश्न विचारिला तो चाळीस दिवसांनंतर, होरेबास. आपण मात्र दारात पाऊल ठेविताच वचन काढितो! आधी त्या घरी चूल पेटली आहे की नाही, हे पाहावे. कित्येक आठवडे झोप व अन्न तुटले असेल, तर दवाखान्यापर्यंत सोबत जावे. ताप आला म्हणजे जातोच की. प्रार्थना वाटेतही करिता येते.