वनस्पतिजन्य म्हणजे निर्दोष? हायड्रेटरोधक रसायनांचा नैतिक विचार

समुद्रतळावरून नैसर्गिक वायू आणणाऱ्या पाइपांत वायूबरोबर पाणीही येते. दाब जास्त आणि तापमान कमी असेल तर पाण्याचे रेणू वायूच्या रेणूंना कोंडून घेतात आणि बर्फासारखा दिसणारा घन पदार्थ तयार होतो. हा गॅस हायड्रेट. साधा बर्फ शून्य अंशावर वितळतो. मिथेनचे हायड्रेट मात्र सुमारे ४० बार दाबाखाली ४ अंश सेल्सिअसलाही टिकते, आणि खोल समुद्राच्या तळाशी पाणी जवळपास एवढेच थंड असते. हम्फ्री डेव्हीने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी क्लोरीनचे हायड्रेट ओळखले तेव्हा ते केवळ प्रयोगशाळेतले नवल होते. थंडीत वायूच्या पाइपलाइन तुंबतात त्या साध्या बर्फाने नव्हे, तर हायड्रेटने, हे अमेरिकेत हॅमरश्मिट यांनी १९३४ साली दाखवले आणि नवलाची अडचण झाली. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’च्या दुर्घटनेनंतर गळती झाकण्यासाठी सुमारे १,५०० मीटर खोलीवर उतरवलेला पोलादी घुमट हायड्रेटनेच तुंबला आणि तो प्रयत्न सोडावा लागला.

पाइप तुंबू नये म्हणून त्यात रसायने सोडतात. मेथॅनॉल आणि मोनोएथिलीन ग्लायकॉल ही जुनी व खात्रीची रसायने, पण ती पाण्याच्या वजनाच्या वीस ते पन्नास टक्के इतकी लागू शकतात. १९९० नंतर अल्प मात्रेची रसायने रुळली. त्यांतली काही हायड्रेट होणे थांबवत नाहीत, फक्त लांबवतात; थंड टप्पा ओलांडेपर्यंत वायूला वेळ मिळाला की त्यांचे काम झाले. काही हायड्रेटचे कण होऊ देतात, पण ते एकमेकांना चिकटून बोळा बसू देत नाहीत. मात्रा टक्का-दोन टक्के पुरते. यांपैकी पॉलिव्हिनाइल कॅप्रोलॅक्टम यांसारखे कृत्रिम बहुवारिक (पॉलिमर) समुद्रात सहजी कुजत नाहीत. म्हणून संशोधक वनस्पतींकडे वळले. टॅपिओकाचे स्टार्च, फळांच्या सालींतले पेक्टिन, नारळाच्या तेलातील मेदाम्लांपासून बनवलेली संयुगे यांवर प्रयोग झाले. नायजेरियातील पोर्ट हारकोर्ट येथे स्थानिक वनस्पतींचे अर्क लहान नळीचक्रात तपासले गेले. राय गवतासारख्या काही वनस्पती थंडीत बर्फाची वाढ रोखणारी प्रथिने स्वतःच तयार करतात. त्यांच्यापासूनही काही शिकता येईल, अशी आशा आहे.

या साऱ्या प्रयत्नांना ‘हरित’ म्हटले जाते, आणि तात्त्विक प्रश्न इथेच उभा राहतो. एखादे द्रव्य वनस्पतीपासून मिळाले, एवढ्याने ते नैतिकदृष्ट्या अधिक चांगले ठरते का?

जॉन स्टुअर्ट मिल याचा निसर्गावरचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर १८७४ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्याने ‘निसर्ग’ या कल्पनेचे दोन अर्थ वेगळे केले. पहिल्या अर्थाने जे जे घडते ते सारे निसर्गच, मग रिफायनरीही त्यातच आली. दुसऱ्या अर्थाने माणसाचा हात न लागता जे घडते ते निसर्ग. पहिला अर्थ घेतला तर निसर्गाप्रमाणे वागा हा उपदेश पोकळ ठरतो, कारण त्याच्याबाहेर जाताच येत नाही. दुसरा घेतला तर तो उपदेश चुकीचा ठरतो, कारण माणसाचे प्रत्येक उपयुक्त कर्म घडणाऱ्या गोष्टीत हस्तक्षेप करते. हायड्रेट हे याचे चोख उदाहरण आहे. पाइपात बसणारा बोळा पूर्णपणे नैसर्गिक असतो. तो रोखणे हाच हस्तक्षेप.

भारतीय वैद्यकाने हा भ्रम फार पूर्वी दूर ठेवला होता. चरकसंहितेच्या मते औषध होऊ शकणार नाही असे द्रव्य जगात नाही. युक्तीने वापरलेले तीक्ष्ण विषही उत्तम औषध होते आणि गैररीतीने वापरलेले औषध विष. बचनाग वनस्पतीच आहे, धोतरा आणि कुचलाही वनस्पतीच. रिठ्यातले सॅपोनिन कपडे धुते आणि माशांना मारकही ठरते. इथे द्रव्याच्या कुळाला महत्त्व नाही. मात्रा, संस्कार आणि योजना यांना आहे. हीच दृष्टी रसायनशास्त्रालाही लागू पडते. मेथॅनॉल एकेकाळी लाकडाच्या ऊर्ध्वपातनाने मिळे, आज ते मुख्यतः नैसर्गिक वायू आणि कोळशापासून बनते. रेणू मात्र तोच. पिणाऱ्याला तो दोन्ही वेळा आंधळा करील आणि समुद्रातले जीवाणू तो दोन्ही वेळा पचवतील. उलट, रेणूची लांब शेपटी नारळाच्या तेलापासून घेतलेले चतुर्थक अमोनियम संयुग शैवालाला विषारी ठरू शकते. नारळाचे पावित्र्य त्या रेणूत उतरत नाही.

ईशान्य अटलांटिकाचे संरक्षण करणाऱ्या ‘ऑस्पार’ कराराची व्यवस्था या बाबतीत विचारपूर्वक घडवलेली दिसते. समुद्रात जाणाऱ्या रसायनाला तिथे विचारले जाते, की तू किती कुजतोस, जीवांच्या शरीरात साठतोस का आणि किती विषारी आहेस. जो सेंद्रिय पदार्थ २८ दिवसांत वीस टक्केही कुजत नाही, त्याच्या जागी दुसरा शोधावा लागतो. तो रोपातून आला की भट्टीतून, याचे गुण मिळत नाहीत. नीतीच्या दृष्टीने हीच कसोटी योग्य आहे, कारण समुद्रातल्या जीवाला रसायनाचा परिणाम भोगावा लागतो, वंशावळ नव्हे. वनस्पतिजन्य रसायने या कसोटीवर अनेकदा चांगली उतरतात, आणि तेवढे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. कुजवणारे जीवाणू स्टार्चशी कोट्यवधी वर्षे परिचित आहेत. कॅप्रोलॅक्टमच्या बहुवारिकाशी नाहीत.

पण रोधकाने पाइपात टिकले पाहिजे, आणि सहज कुजणे हा टिकण्याच्या आड येणारा गुण ठरू शकतो. शिवाय अर्काची ताकद ऋतू, माती आणि काढण्याच्या पद्धतीनुसार बदलू शकते. बोळा बसलाच आणि त्याच्या एकाच बाजूचा दाब घाईने उतरवला, तर तो सुटून प्रचंड वेगाने धावतो व पाइप फोडतो. अशा अपघातांत माणसे दगावली आहेत. समुद्राशी सौम्य असलेले पण भरवशाचे नसलेले रसायन हा धोका कामगारावर ढकलते. समुद्री जीवांविषयीची करुणा खरी असेल, तर तिची किंमत कोण मोजतो हेही तिने पाहिले पाहिजे. तीच गोष्ट अन्नाची. फळांच्या टाकाऊ सालींतून पेक्टिन काढणे आणि लोकांच्या ताटातला कंद या कामी वळवणे, या एकाच पातळीच्या कृती नव्हेत.

वनस्पती वापरण्याच्या प्रश्नाचा सर्वांत कसोशीने विचार करणारी परंपरा जैनांची आहे. तिच्या मते वनस्पती एकेंद्रिय जीव आहेत, त्यामुळे ‘वनस्पतिजन्य’ म्हणताच हिंसेचा हिशेब संपत नाही, तिथे तो सुरू होतो. गृहस्थाला या जीवांची हिंसा पूर्णपणे टाळता येत नाही हे मान्य करून उपजीविकेतील हिंसेला ‘उद्योगी’ हिंसा असे वेगळे नाव दिले गेले, आणि तिलाही मर्यादा घातल्या गेल्या. श्रावकासाठी, म्हणजे जैन गृहस्थासाठी, वर्ज्य मानलेल्या पंधरा कर्मादानांत (व्यवसायांत) वनस्पती तोडण्याचे वनकर्म आहे, घाण्यासारख्या यंत्रात पिळून काढण्याचे यंत्रपीडन आहे आणि जमीन फोडण्याचे, खणण्याचे स्फोटकर्मही आहे. म्हणजे वनस्पतीचा अर्क कसा काढला आणि ज्या खोदकामासाठी तो वापरला ते कसले, दोन्ही प्रश्न एकाच यादीत येतात. आधुनिक हरित रसायनशास्त्र बहुधा पहिल्या प्रश्नापाशी थांबते.

दुसरा प्रश्न साध्याचा आहे. ‘हिंद स्वराज्य’मध्ये १९०९ साली गांधीजींनी साधन आणि साध्य यांचे नाते बीज आणि झाडासारखे मानले. त्यांच्यापुढे अशुद्ध साधनाने चांगले साध्य गाठू पाहणारे लोक होते. इथे प्रकार उलटा आहे: साधन शुद्ध करण्याचा प्रामाणिक प्रयत्न होतो आणि साध्याची चर्चा बाजूला राहते. नैसर्गिक वायू हे निखळ वाईट साध्य नाही. त्यावर चुली पेटतात, खते बनतात आणि कोळशाच्या तुलनेत धूर कमी होतो. पण साधनाची शुद्धता साध्याला उसनी देता येत नाही. समुद्राला कमी इजा करणारा रोधक निवडणे हे कर्तव्य आहे, आणि ते पार पाडणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाचे काम मोलाचे आहे. त्या रोधकामुळे वायूचा व्यवसाय हरित झाला, हा दावा मात्र खोटा आहे. एक किलो मिथेन जाळल्यावर सुमारे २.७५ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि पाइपात मेथॅनॉल सोडले होते की टॅपिओकाचे स्टार्च, याने त्या आकड्यात काहीही बदलत नाही.