नजर अंदाज आणि पन्नास पैशांची रेघ

खरिपाची पिके उभी असतानाच मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांची ‘नजर अंदाज पैसेवारी’ छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय आयुक्तालयात पोहोचते. नेहमीचे पीक शंभर पैसे धरले, तर यंदा गावात किती, हे ती सांगते. रुपया सोळा आण्यांचा होता तेव्हा हीच आणेवारी होती. 1957 मध्ये दशमान नाणी आली, तरी गावोगाव तो जुना शब्द टिकून आहे. हिंदीत ‘नजरअंदाज’ म्हणजे दुर्लक्ष. महसुली मराठीत मात्र नजरेने घेतलेले माप. फारसीत ‘अंदाजा’ म्हणजे मापच, आणि त्याच्याच जुन्या रूपातून अरबीत भूमितीला ‘हंदसा’ हा शब्द मिळाला. म्हणजे कच्चा हिशेब आणि काटेकोर मोजमाप मुळात एकाच कुळातले. शब्दाच्या कुळावरून काही सिद्ध होत नाही, हे खरे. पण कारभारही तेच सांगतो. ‘ऐन-इ-अकबरी’त ‘कनकूत’ ही पद्धत आहे: कन म्हणजे धान्य, कूत म्हणजे अंदाज. आधी पीक नजरेने जोखायचे आणि शंका आली तर चांगले, मध्यम, हलके असे तिन्ही प्रतींचे पीक कापून पाहायचे. आजही नजर अंदाजानंतर सुधारित आणि मग पीक कापणी प्रयोगांवर बेतलेली अंतिम पैसेवारी येते. अंदाजाची पत टिकते ती या पुढच्या कापणीमुळे.

उपग्रह असताना डोळ्यांवर विसंबायचे कशाला, असे कोणी विचारेल. केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ संहितेने पाऊस, जमिनीतला ओलावा आणि वनस्पती निर्देशांक हे निकष आणले, ते योग्यच झाले. पण निर्देशांकाला हिरवेपणा दिसतो. सोयाबीनच्या शेंगा भरल्या की पोचट राहिल्या, हे बांधावर उभे राहिल्याशिवाय कळत नाही. नजर माणसाची असते, तिच्यावर दबाव येतो, हा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो खोटा नाही. मात्र दबावाला बळ मिळते ते पन्नास पैशांच्या रेघेमुळे. रेघेखाली गेलेल्या गावाला दुष्काळ जाहीर झाल्यावर जमीन महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत मिळू शकते; एक्कावन्न पैशांचे शेजारचे गाव कोरडेच राहते. डोळ्यांनी जोखलेल्या पिकात दोन पैशांचा फरक सांगता येतो, असे कोणताही अनुभवी शेतकरी म्हणणार नाही. मग तो फरक सरकारने खरा का मानावा? नजर अंदाज एका आकड्यात न सांगता ‘पंचेचाळीस ते पंचावन्न’ असा जाहीर करावा आणि ज्या गावांचा पट्टा पन्नासच्या दोन्ही बाजूंना पसरतो, तिथेच कापणीचे प्रयोग सर्वांत जास्त घ्यावेत.